मदत हवी आहे: स्कूबाला कमरेला नेमकं किती शिसं लावायचं?

पाणकोंबडा:
माझं वजन ७२ किलो. ३ मिमीचा पूर्ण वेटसूट, जॅकेट बीसीडी (हवा भरून-सोडून तरंगणं सांभाळायचं जॅकेट), ११ लिटरचा अ‍ॅल्युमिनियम सिलिंडर. ओपन वॉटर (डायव्हिंगचा प्राथमिक) कोर्स झालाय. पूलमध्ये याच सामानावर ३ किलो पुरले. कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला बोटीवर ८ किलो दिले, तेव्हा बीसीडीत सारखी हवा भरावी लागली आणि पाय खाली लोंबत राहिले. पुढच्या डाइव्हला ४ किलो घेतले. सुरुवात छान झाली, पण शेवटी ५ मीटरवर सेफ्टी स्टॉपला (वर येण्याआधी घ्यायच्या थांब्याला) थांबताच येईना, बुचासारखा वर. फेब्रुवारीत अंदमानात हॅवलॉकला जायचंय. "वजनाच्या दहा टक्के" हा नियम धरू का?

खारंपाणी:
दहा टक्के धरू नका, ते जाड सूटाचं गणित आहे. ३ मिमीला पाच टक्क्यांच्या आसपास सुरुवात करतात, आणि तीही फक्त सुरुवातच. बोटीवर ८ किलो देतात कारण नवखा माणूस खाली गेला नाही की सगळ्यांचा खोळंबा होतो. त्यांची सोय, तुमची नव्हे.

आधी एक सांगा: पूलमधले ३ किलो ठरवले तेव्हा सिलिंडर भरलेला होता की संपत आलेला?

पाणकोंबडा:
सेशनच्या शेवटी ठरवले. सिलिंडरमध्ये ६०-७० बार (हवेचा दाब) उरले होते.

खारंपाणी:
मग आकडा कामाचा आहे. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड. हे अडीच टक्के तुमच्या एकट्याच्या नाही, सामानासकट सगळ्या वजनाचे घ्यायचे. तुम्ही ७२, अ‍ॅल्युमिनियम सिलिंडर सुमारे १४, बीसीडी, रेग्युलेटर (तोंडात धरून श्वास घ्यायचं साधन), फिन्स, शिसं मिळून आणखी दहा-अकरा. ९७ किलोच्या आसपास. त्याचे अडीच टक्के म्हणजे २.४ किलो. ३ अधिक २.४, म्हणजे साडेपाचच्या आत-बाहेर. ४ ला वर का आलात आणि ८ ला पाय का लोंबले, दोन्हीचं उत्तर यातच आहे.

शिसेबहाद्दर:
+१. आणि ४ किलोला सुरुवात छान का झाली तेही बघा. २०० बारवरून ५० बारवर येईपर्यंत ११ लिटरच्या सिलिंडरमधली दीडेक हजार लिटर हवा संपते. हवेलाही वजन असतं: लिटरला सव्वा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे २ किलो. डाइव्हच्या सुरुवातीला तुम्ही शेवटापेक्षा २ किलो जड असता. म्हणून शिसं ठरवायचं ते शेवटच्या पाच मिनिटांसाठी.

तपासायची रीत अशी. डाइव्ह संपवून वर आलात, ५० बार उरलेत, खाली कोणी नाही, बोटीची दोरी हाताशी आहे. रेग्युलेटर तोंडातच ठेवा. उभे राहा, पायांची अढी घाला, नाहीतर नकळत फिन्स मारत राहता आणि वाटतं की तरंगतोय. डावा खांदा वर करून इन्फ्लेटरची (बीसीडीत हवा भरायची-सोडायची) नळी ताणून बीसीडी पूर्ण रिकामी करा. नेहमीसारखा श्वास घेऊन क्षणभर थांबा: पाणी डोळ्यांच्या रेषेत आलं पाहिजे. मग पूर्ण उच्छ्वास सोडा, सावकाश खाली गेलं पाहिजे. धोंड्यासारखे गेलात तर १ किलो काढा, कपाळ वरच राहिलं तर १ किलो घाला. भरलेल्या सिलिंडरवर तपासायची वेळ आली तर मिळालेल्या आकड्यात २ मिळवा.

खारंपाणी:
एक गफलत हमखास होते. घाबरलेला माणूस छाती भरलेलीच ठेवतो. फुप्फुसात एक-दोन लिटर हवा जास्त राहिली की एक-दोन किलो हलके झालात. शिवाय कोरडा सूट घालून उडी मारली की कॉलरमध्ये, पाठीवर हवा अडकते. म्हणून पहिली तीन-चार मिनिटं सोडून मगच मोजा. कान मोकळे होत नाहीत म्हणून खाली जाता येत नसेल, तर त्यावर शिसं हा उपाय नाही.

पाणकोंबडा:
धन्यवाद! मग सुरक्षित बाजूला राहायला ६-७ घेतले तर? जास्त झालं तर बुडणारच ना, वर तर येणार नाही.

शिसेबहाद्दर:
तिथेच चुकताय. ३ किलो जास्त घेतलं तर ते तोलायला बीसीडीत ३ लिटर जास्त हवा लागते. १८ मीटरवर दाब २.८ बार, ५ मीटरवर १.५. वर येताना तीच ३ लिटर हवा फुगून साडेपाच होते, म्हणजे न सोडल्यास अडीच किलोचा धक्का वरच्या दिशेने. जास्त शिसं घेतलेला माणूसच रॉकेटसारखा वर जातो. ६ घ्या, तपासा, जमलं तर ५ वर या. ७ नको.

मालवणी_मीठ:
पाय लोंबण्याचं: सगळं शिसं कमरेच्या पट्ट्यावर असेल तर ते कंबर खाली ओढतं. त्यातलं २ किलो सिलिंडरच्या पट्ट्यावर, खांद्यांच्या बाजूला सरकवा. अ‍ॅल्युमिनियम सिलिंडरचं बूड रिकामं होताना वर उचलतं, त्यालाही ते आवरतं. बेल्टचं बकल उजव्या हाताने एका झटक्यात सुटेल असं हवं, आणि बेल्ट सर्वांत शेवटी, बाकीच्या पट्ट्यांच्या वरून. ठोकळे हातात घेऊन बघा, काही पौंडात असतात. ४ लिहिलंय म्हणून ४ किलो समजाल आणि मिळतील १.८.

स्टीलचा सिलिंडर मिळाला तर हाच आकडा लावू नका. तो रिकामा झाला तरी बुडतो, त्यामुळे दोनेक किलो शिसं कमी लागतं.

पाणकोंबडा:
बायकोने नवा ५ मिमी सूट घेतलाय, तिने तो अजून पाण्यात घातलेला नाही. तिचं काय धरू?

खारंपाणी:
अंदाज कशाला, मोजा. मोठ्या पिंपात पाणी भरा. सूट जाळीच्या पिशवीत घालून पाण्याखाली दाबून बुडबुडे काढा. मग पिशवीत अर्धा-अर्धा किलो शिसं टाकत जा. पिशवी जेमतेम बुडेल तितकं एकट्या सूटाचं. पाणी खारं नसलं तरी इथे फरक शंभरेक ग्रॅमचा. तिचा जुना सूट असेल तर तोही तसाच मोजा, आणि वजाबाकी करून आलेला फरक तिच्या आधीच्या शिशात मिळवा. निओप्रीन (सूटाचं फुगीर रबर) वापरून चेपत जातं, म्हणून वीसेक डाइव्हनंतर पुन्हा एकदा ५० बारवर तपासायला सांगा.