प्रतिसाद : शाखा बंद करण्याआधी

'वाचक उरले नाहीत, सोलापूरच्या पूर्व भागातली वाचनालयाची शाखा बंद करून पुस्तकं मुख्य वाचनालयात हलवा,' असं वर कुणीतरी सुचवलंय. नुसत्या देवघेवीच्या नोंदीवरून हे ठरवू नका हो. सकाळी पेपर वाचायला येणारे म्हातारे आणि स्पर्धा परीक्षेची पोरं त्या रजिस्टरात येतच नाहीत. आठवडाभर तासातासाला माणसं मोजा, मग बोलू.

इमारत तीस वर्षांपुढची असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, कायद्यानेच लागतं, ते आधी. गळतं छत आणि वाळवी हे दोन वेगळे खर्च आहेत, एकत्र करून आकडा फुगवू नये. आणि सोलापूरचा मे महिना! पत्र्याखाली चाळीसच्या वर पारा असताना कोण बसणार?

पुस्तकांचं म्हणाल तर इथल्या कितीतरी घरांत तेलुगू बोलतात. तेलुगूचं एक तरी कपाट हवं की नको? केंद्राचं राजा राममोहन रॉय प्रतिष्ठान पुस्तकांसाठी मदत देतं, राज्याचं अनुदान मात्र १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली वाचनालयाला मिळालेल्या अ-ब-क-ड वर्गावर ठरतं. आपली शाखा स्वतंत्र मान्यतेची आहे की मुख्य वाचनालयाच्याच खात्यावर, हे कार्यकारिणीला विचारा. मी विचारलं होतं, 'बघून सांगतो' म्हणाले. अजून बघतायत.