'जारहेड'ला मराठीत काय म्हणाल?

फिल्मीचक्कर: आमच्या फिल्म क्लबासाठी सॅम मेंडिसच्या 'जारहेड'ची (२००५) मराठी सबटायटल्स करतोय. १९९०-९१चं आखाती युद्ध, आणि सौदीच्या वाळूत लढाईची वाट बघून आंबलेले अमेरिकन मरीन. नावापाशीच गाडी अडली. कडेने भादरलेलं, वर थोडे केस ठेवलेलं डोकं बरणीसारखं दिसतं म्हणून जारहेड. मरीन स्वतःलाच तसं म्हणवतात, त्यामुळे शिवीही आहे आणि मिरवणंही. 'बरणीडोक्या' लिहिलं तर बायको म्हणाली, लोणच्याची जाहिरात वाटतेय. शिवाय 'मरीन'ला 'नौसैनिक' लिहिल्याबद्दल क्लबातल्या एकाने फोनवर झापलं ते वेगळंच.

शुद्धमती: 'नौसैनिक' योग्यच आहे. मराठी शब्द असताना उसनवारी कशाला?

पारावरचा: असहमत. नौसैनिक म्हणजे नेव्हीवाला. मरीन कोअर तिकडे नौदलाच्या खात्यात मोडते खरी, पण ही माणसं जमिनीवर उतरून लढतात. या सिनेमात तर बंदुकीपेक्षा फावडं जास्त चालवतात. 'आरमारी शिपाई' करा, झोकदार वाटतं.

शुद्धमती: आरमार तरी कुठे आपलं? पोर्तुगीज 'आर्मादा'.

पारावरचा: मग लष्कर फारसी, फौज अरबी. तुमच्या हिशेबाने महाराजांनी लढायचं तरी कशाच्या जोरावर? आणि हेच 'लष्कर' साहेबाच्या तोंडी 'लस्कर' होऊन बोटीवर चढलं आणि खलाशी झालं. शब्द असेच फिरतात, ताई.

सुभेदार_निवृत्त: वाद चालू द्या, मी मूळ प्रश्नाचं बोलतो. भरतीनंतर सेंटरवर न्हावी आमचे केस असे उडवायचा की डोक्यावर वाटी पालथी घातल्यासारखं दिसे. त्याला सगळे 'कटोरा कट' म्हणायचे. नव्या रंगरुटाला हाक मारायची तरी 'ए कटोरा'. तुमचा जारहेड तो हाच.

फिल्मीचक्कर: काका, दंडवत! पण कटोरा हिंदी म्हणून शुद्धमतीताई रागावतील.

शुद्धमती: रागावले आहेच. आणि सबटायटलच्या नमुन्यात तुम्ही 'वाळवंटातील युद्ध' लिहिलंय, ते कुणाला खटकलं नाही? वाळवंट म्हणजे नदीकाठची वाळू. चंद्रभागेचं वाळवंट. वारकरी काय सौदीत नाचतात? तिथे 'मरुभूमी' हवं.

पारावरचा: शाळेच्या भूगोलापासून सहारा वाळवंटच आहे. मरुभूमी म्हटलं की मला पाठ्यपुस्तकातला उंट दिसतो, माणूस दिसत नाही.

कुवेतवाला: ऑगस्ट १९९०मध्ये इराकने कुवेत घेतलं तेव्हा मी तिथेच होतो. बसने बगदादमार्गे अम्मान, तिथून एअर इंडियाने मुंबई. असे सुमारे १,७०,००० भारतीय आणले त्या वेळी. आम्ही सगळे मराठी बोलतानाही 'डेझर्ट'च म्हणायचो. त्या वैराण सपाटीला वाळवंट म्हणायला जीभ वळायची नाही, कारण माझं आजोळ पंढरपूर. त्यामुळे ताईंशी अर्धा सहमत. सिनेमात जळत्या विहिरींखाली त्या पोरांवर तेलाचा पाऊस पडतो आणि तेलाने माखलेला घोडा समोर येतो, तिथे मी टीव्ही बंद केला. माघार घेताना इराकी फौजेने सहाशेहून जास्त विहिरी पेटवल्या होत्या, शेवटची विझायला नोव्हेंबर १९९१ उजाडला.

शुद्धमती: 'विहिरी' नव्हे, 'तेलकूप'.

पारावरचा: ताई, तो माणूस काय सांगतोय आणि तुम्ही काय सुधारताय!

सुभेदार_निवृत्त: मला त्यातला फुटबॉल पटला. पत्रकारांसमोर, रणरणत्या उन्हात, गॅसपासून वाचायचा अख्खा सूट आणि मुखवटा चढवून खेळायला लावतात. पाहुण्यांसमोर असला शो प्रत्येक पलटणीत होतो. राजस्थानात आम्ही दिवसभर मोर्चा खोदायचो, संध्याकाळी वाऱ्याने तो भरून जायचा. दुसऱ्या दिवशी तोच परत.

नवी_सून: मोर्चा खोदतात? मोर्चा काढतात ना?

पारावरचा: मोर्चा म्हणजे मुळात शत्रूसमोरची मोक्याची जागा. 'मोर्चेबांधणी'त तो अर्थ अजून शिल्लक आहे. रस्त्यावर तो नंतर आला.

फिल्मीचक्कर: मग सैनिक वाळूत खड्डा खणून बसतात, तिथे 'मोर्चा' लिहू?

शुद्धमती: 'खंदक' लिहा.

सुभेदार_निवृत्त: खंदक किल्ल्याभोवती असतो. दोन माणसांच्या खड्ड्याला कोणी खंदक म्हणत नाही.

नवी_सून: पण 'मोर्चात बसले' वाचून लोकांना आझाद मैदानच आठवेल.

पारावरचा: आठवू दे की. तिथेही वाट बघतच बसतात.

शुद्धमती: 'मोर्चात' नव्हे, 'मोर्च्यात'.