उत्तर: ब्रेकर पडणे आणि टाकीचा वास

वर दोन प्रश्न आले आहेत: अमेरिकेतल्या लेक पॉवेल जलाशयाला वाहवीपच्या कॅम्पग्राउंडवर ३० अँपच्या जोडणीत ब्रेकर सारखा का पडतो, आणि फुल हुकअप (वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी) असूनही आरव्हीच्या (राहण्याची सोय असलेल्या गाडीच्या) संडासाच्या टाकीला वास का येतो.

१२० व्होल्टवर ३० अँप म्हणजे जास्तीत जास्त ३६०० वॉट. एसी साधारण १५०० घेतो. त्यात विजेवरचा गीझर आणि मायक्रोवेव्ह एकदम चालू केला की संपलं. गीझर गॅसवर चालवा. ५० अँपची गाडी अडॅप्टरने ३० अँपच्या विजेच्या खांबाला जोडली तरी वीज तेवढीच मिळते.

वासाचं कारण बहुधा टाकी रिकामी करायचा, उघडा ठेवलेला व्हॉल्व्ह. पाणी वाहून जातं, मैला तळाशी साचून घट्ट होतो आणि मग तो काढणं फार जिकिरीचं. व्हॉल्व्ह बंदच ठेवा, टाकी दोन तृतीयांश भरल्यावर सोडा. आधी संडासाची, मग सांडपाण्याची, म्हणजे पाइप धुऊन निघतो. रिकाम्या टाकीत लगेच १०-१५ लिटर पाणी घाला. हे बरेच जण विसरतात.

पाण्याचा प्रेशर रेग्युलेटर (दाब आटोक्यात ठेवणारा) नळाच्या तोंडाशीच हवा. गाडीच्या बाजूला लावला तर होजला संरक्षण मिळत नाही.

कयाक नेणार असाल तर या जलाशयात क्वागा शिंपले (एका तलावातून दुसऱ्यात पसरणारे उपद्रवी शिंपले) आहेत हे लक्षात घ्या. निघताना आतलं सगळं पाणी काढा, कयाक घासून पूर्ण वाळवा, त्याशिवाय ती दुसऱ्या तलावात उतरवू नका.