बेव्हनचा राजीनामा हट्ट नव्हता
"बेव्हनने हट्टापायी राजीनामा दिला" असं काही जण म्हणतात, ते काही पटलं नाही बुवा. अनायरिन बेव्हन हा ब्रिटनच्या लेबर पक्षाचा नेता, वेल्समधल्या ट्रेडेगरचा, तेराव्या वर्षी कोळशाच्या खाणीत, त्यात बोलताना अडखळायचा, आणि हाच माणूस पुढे पार्लमेंटमध्ये चर्चिलला धारेवर धरतो! गावात कामगार पगारातून वर्गणी काढून दवाखाना चालवायचे, तेच आरोग्यमंत्री झाल्यावर त्याने अख्ख्या देशाला लागू केलं, ५ जुलै १९४८ ला एनएचएस, म्हणजे सगळ्यांसाठी मोफत सरकारी आरोग्यसेवा, सुरू. आधी डॉक्टरांची संघटना कडाडून विरोधात, मग हॉस्पिटलमधल्या मोठ्या तज्ज्ञ डॉक्टरांना (कन्सल्टंट) प्रायव्हेट प्रॅक्टिसची मुभा देऊन वळवलं (धूर्त होताच गडी). १९५१ ला कोरियन युद्धामुळे शस्त्रखर्च वाढला म्हणून अर्थमंत्री गेट्स्केलने या मोफत सेवेतल्या कवळ्या-चष्म्यांचे निम्मे पैसे पेशंटकडून घ्यायचं ठरवलं, तेव्हा याने मंत्रिपद सोडलं. पुढे पंतप्रधान झालेला हॅरॉल्ड विल्सनही तेव्हा मंत्रिपद सोडून सोबत बाहेर पडला की, त्याला कुणी हट्टी म्हणत नाही.