पुणे : घर रिकामं करतोय, जुन्या फर्निचरची नीट विल्हेवाट कशी लावावी?

कोथरूड_३८
महिनाअखेरीपर्यंत फ्लॅट रिकामा करून द्यायचा आहे. सागवानी पलंग, पार्टिकल बोर्डचं तीन दारांचं कपाट, लोखंडी कपाट, हायड्रॉलिक बॉक्स बेड, कापसाच्या चार गाद्या, फोमचा सोफा आणि सहा मोल्डेड खुर्च्या आहेत. एक भंगारवाले सगळं एकरकमी न्यायला तयार आहेत, पण पुढे त्याचं काय होतं ते सांगत नाहीत. कचराकुंडीशेजारी टाकायचं नाही. काय करावं?

रंधा
सगळं एकाच माणसाला देऊ नका. पैसा लोखंडात आणि सागवानात आहे. तेवढं काढून घेतलं की बोर्ड आणि फोम कुठल्यातरी नाल्याकाठी पडतो किंवा पेटवला जातो. प्लाय आणि पार्टिकल बोर्ड बहुतेक युरिया-फॉर्मल्डिहाइडच्या गोंदाने चिकटवलेले असतात, वरून सनमायका. हे जळलं की निघणारा धूर साध्या लाकडाच्या धुरापेक्षा फार वाईट. उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५,००० रुपये भरपाईचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्येच दिला आहे, मोठ्या प्रमाणात जाळला तर २५,०००. मुंबईत जुन्या फर्निचरचं लाकूड बेकऱ्यांच्या भट्ट्यांत जायचं. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. म्हणून आधी विचारा, 'बोर्ड कुठे जाणार?'

पलंग खरंच सागवानी आहे का ते खालच्या, पॉलिश न लागलेल्या बाजूने बघा. भरीव लाकडात वरच्या रेषा कडेवरूनही पुढे जातात. प्लायच्या कडेला थर दिसतात, पार्टिकल बोर्डच्या स्क्रूच्या भोकात दाबलेला भुसा. भरीव निघाला तर फोडून देऊ नका. जुनं सागवान विकत घेणारे लाकूड घनफुटावर मोजतात, त्यामुळे लांब पाट्या आणि पाय अखंड राहिले तरच भाव येतो. पितळी कड्या असतील तर त्यांचा भाव वेगळा विचारा. मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, तिथे अंदाज येईल.

गादीवाला_नाही
गाद्यांचं सांगतो. कापसाची गादी टाकायची गोष्टच नाही. ४ बाय ६ च्या गादीत साधारण १०-१२ किलो कापूस असतो. पिंजून घेतला की धूळ आणि तुटके तंतू निघून वजन थोडं घटतं, पण चार जुन्यांतून तीन चांगल्या गाद्या भरता येतात. ओल लागून काळ्या पडलेल्या मात्र पिंजू नयेत, कुबट वास जात नाही.

त्याआधी ढेकूण बघा. गादीची शिवण, पलंगाचे सांधे, सोफ्याच्या खालचं कापड. काळे ठिपके म्हणजे त्यांची विष्ठा. सापडले तर ती वस्तू दान करू नका आणि फुकट म्हणून गेटपाशीही ठेवू नका. खोलीतच जाड प्लास्टिकमध्ये बांधून टेप लावा, मगच जिन्यात न्या. उघडी नेली तर ढेकूण वाटेत गळतात आणि शेजाऱ्यांकडे जातात.

कोथरूड_३८
ढेकूण नाहीत. पण कपाटाच्या मागच्या बाजूला बारीक भोकं आहेत आणि खाली पिठासारखी पूड पडते.

रंधा
ती पोखरणारी कीड आहे. वाळवी असती तर मातीच्या रेषा दिसल्या असत्या. ती मागची फळी वेगळी काढा आणि दान देताना कपाटासोबत देऊ नका, घेणाऱ्याच्या लाकडालाही लागेल.

राहिलेलं कपाट सुटं करताना फळ्या अडकवून ठेवणारा गोल कॅम अर्धा फेरा डावीकडे फिरवा, फळी सरळ ओढा. वाकवून ओढली की बोर्डची कड फुटते. स्क्रू पिशवीत घालून त्याच फळीला चिकटवा. एकदा काढलेला स्क्रू त्याच भोकात नीट धरत नाही. भोकात फेविकॉल लावून काड्यापेटीच्या काड्या ठोका, सुकू द्या, मग स्क्रू मारा. घेणाऱ्याला हे आधीच सांगा, नाहीतर कपाट महिन्याभरात डुलायला लागतं.

अंगणवाडी_मदत
'स्वच्छ' ही पुण्यातल्या कचरावेचकांची सहकारी संस्था आहे. त्यांचा 'व्ही-कलेक्ट' हा उपक्रम वापरण्याजोग्या मोठ्या वस्तू गोळा करतो. तुमच्या भागात कधी येणार आणि कोणत्या वस्तू घेणार हे आधी फोटो पाठवून विचारा.

दानासाठी अभ्यासिका, बालवाडी, वसतिगृह बघा. 'टेबल आहे, हवं का?' एवढ्याने उत्तर येत नाही. लांबी-रुंदी-उंची इंचात, मोडलेल्या भागाचा वेगळा फोटो, तुमचा मजला आणि लिफ्ट आहे का, हे लिहा. टेम्पोचा खर्च तुम्ही उचलणार असाल तर पहिल्याच ओळीत सांगा, निम्मे नकार तिथेच गळतात. छोटा हत्तीचा हौदा साधारण ७ फूट लांब, त्यामुळे पलंग सुटाच करावा लागेल.

लोखंडी कपाटाच्या दाराची आणि आतल्या लॉकरची चावी, दोन्ही एका दोऱ्यात बांधा. लॉकर उघडून सगळे कप्पे तपासूनच द्या. आरशावर आडवी-उभी टेप लावा. खुर्च्यांच्या तळाशी त्रिकोणात ५ आकडा असेल तर ते पॉलिप्रोपिलीन, प्लास्टिकवाले घेतात. तडा गेलेली खुर्ची मात्र कुणाला बसायला देऊ नका.

कोथरूड_३८
हायड्रॉलिक बेड राहिला.

रंधा
तो घाईत सोडवू नका. गादी उचलली की वरचं वजन जातं आणि झाकण उचलणाऱ्या गॅसच्या नळ्या ते जोरात वर फेकतात. झाकण पूर्ण उघडा, एकाने धरून ठेवा, खाली लाकडाचा टेकू द्या. मग नळीच्या टोकाची क्लिप स्क्रूड्रायव्हरने सैल करा. एका वेळी एकच नळी. तिच्यात दाबाखाली गॅस असतो, म्हणून कापायची नाही, भोक पाडायचं नाही, बोर्डच्या ढिगात जाऊ द्यायची नाही. भंगारवाल्याच्या हातात वेगळी द्या आणि 'गॅस आहे' असं तोंडाने सांगा. १९ मिमी प्लायची ८ बाय ४ ची एक शीट ३५-४० किलो भरते, तेव्हा झाकण जिन्याने उतरवायला दोन माणसं लागतीलच.