अकरा वेळा आमदार झाले, पण पाणी कधी आलं?

माणकाठचा
परवा सांगोल्याहून पंढरपूरला एसटीनं निघालो होतो. पुढच्या सीटवर 'आमदारांसाठी राखीव' असं रंगवलेलं, रंग निम्मा उडालेला. शेजारचे आजोबा म्हणाले, "हितं आबासायेब बसायचे." त्यावरून हा धागा.

आबासायेब म्हणजे गणपतराव देशमुख. ते १९६२ला शेतकरी कामगार पक्षाकडून (शेकाप) पहिल्यांदा निवडून आले आणि २०१४ला अकराव्यांदा. मतदारसंघ एकच, सांगोला; पक्षही एकच. त्यांच्या प्रामाणिकपणावर माझा आक्षेप नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर लोक काठ्या घेऊन येतील. पण त्यांच्या एसटीनं फिरण्याच्या गोष्टी सांगता सांगता आमदाराचं काम मोजायचं राहूनच गेलं का?

खिलारी
मोजा की! जिथं कापूस पिकत नाही तिथं सहकारी सूतगिरणी उभी केली आणि चालवून दाखवली. राज्यातल्या किती सहकारी गिरण्या गंजत पडल्यात, ते बघून या आधी.

टँकरगल्ली
गिरणी चांगलीच आहे. पण माझी आई रात्री दोनला उठून टँकरच्या रांगेत घागर ठेवायची. घागरीला खुणेची चिंधी बांधलेली असायची, तरी पहाटे भांडण ठरलेलंच. टेंभू-म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचं पाणी तालुक्यात पोचेपर्यंत एक पिढी अशीच गेली. अर्धशतकभर आमदार असलेल्या माणसाला याचा जाब विचारायचा नाही?

खिलारी
विरोधी बाकावरच्या माणसाला कोण निधी देतं? दुष्काळी भागाच्या पाण्यासाठी भरणाऱ्या आटपाडीच्या पाणी परिषदेत नागनाथअण्णा नायकवडींच्या खांद्याला खांदा लावून वर्षानुवर्षं कोण उभं होतं? टेंभू काय आकाशातून पडली?

टँकरगल्ली
कायम विरोधात होते हे अर्धंच खरं. १९७८ला मंत्री होते, १९९९लाही होते.

खिलारी
७८चं शरद पवारांचं पुलोद आघाडीचं सरकार दोन वर्षंही टिकलं नाही, दिल्लीनं बरखास्त केलं. तेवढ्यात कालवे खणायचे होते काय?

जुनी_कात्रणं
एक दुरुस्ती. अकरा वेळा हा देशातला विक्रम म्हणून फिरवला जातो, तो तसा नाही. करुणानिधी तेरा वेळा निवडून आले, पण मतदारसंघ बदलत. केरळचे के. एम. मणी मात्र पाला या एकाच जागेवरून तेरा वेळा आले. तुलनाच करायची तर मणींशी करा. ते सत्तेच्या सोबतीनं राहिले, पक्ष फोडले-जोडले, तेरा अर्थसंकल्प मांडले. आबांनी तो रस्ताच धरला नाही. माझ्या मते ही त्यांची निवड होती, आणि तिची किंमत तालुक्यानंही मोजली.

डाळिंबवाला
शेवटचं वाक्य पटलं. मी शेकापचा, तरी पटलं.

टँकरगल्ली
आणि घराणेशाहीचं काय? २०१९ला आबा थांबले, तर तिकीट नातवाला. ७६८ मतांनी पडला. पाडलं ते शहाजीबापू पाटलांनी, ज्यांनी ९५ला खुद्द आबांना १९२ मतांनी हरवलं होतं. २०२४ला दुसरा नातू आमदार झाला. लाल बावटा म्हणता म्हणता वाडाच राहिला!

खिलारी
वाडा असता तर पहिला नातू पडला असता का? लोकांनी आधी पाडलं, मग दुसऱ्याला निवडलं. आबांनाही ७२ला पाडलं आणि ७४च्या पोटनिवडणुकीत परत आणलं. सांगोल्याची जुनी खोड आहे ती.

माणकाठचा
बापूंचं नाव निघालं, आता कुणी त्यांचा तो गाजलेला 'काय झाडी' डायलॉग सुरू करू नका, हात जोडतो. टँकरगल्ली, तुमच्याकडे फाट्याला पाणी आलं का यंदा?

टँकरगल्ली
कालव्याचं आवर्तन सुटलं होतं. आमच्या टोकापर्यंत पोचलं नाही. वरच्यांनी मोटारी टाकल्या होत्या.

खिलारी
आबा जाऊन वर्षं झाली, २०२१ला गेले. हा जाब आत्ताच्या आमदाराला विचारा की.

टँकरगल्ली
विचारला. "बघतो" म्हणाले.