मदत हवी आहे: बातम्यांच्या सेटवरच्या एलईडी वॉलवर जाळी दिसते

आमच्या जिल्ह्याच्या केबल वाहिनीचा बातम्यांचा सेट नव्याने करतोय. जुना फ्लेक्स काढून निवेदिकेच्या मागे २.५ मिमी पिचची (म्हणजे शेजारच्या दोन एलईडी ठिपक्यांमधलं अंतर) एलईडी वॉल बसवली. नुसत्या डोळ्यांना चित्र झकास दिसतं, पण कॅमेऱ्यात वॉलवर जाळी उमटते. कॅमेरा जरा हलवला की ती लाटेसारखी सरकते, आणि निवेदिकेच्या खांद्यामागे तर फारच खुपते.

कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेमवर, शटर १/५० सेकंद. काळे पट्टे येत नाहीत, त्रास फक्त जाळीचा आहे. अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) पूर्ण उघडलं की मागचं धूसर होऊन जाळी बरीच कमी होते. पण खोली जेमतेम १५ फूट खोल, डेस्क वॉलपासून ४ फुटांवर. डेस्क पुढे घेतला तर कॅमेरा ठेवायचा कुठे?

दिवे ५६०० केल्विनचे (दिवसाच्या उजेडासारख्या रंगाचे) आहेत, वॉल मात्र निळसर येते. ते वॉलला चित्र पुरवणाऱ्या प्रोसेसरमधून जुळवता येईल असं वाटतं.

छोट्या स्टुडिओत काम केलेल्यांनी कृपया सांगा: १.५ मिमी पिचचे मॉड्यूल घ्यावेत, की वॉलसमोर डिफ्यूजन (प्रकाश पसरवणारा पातळ पडदा) लावून भागेल? गणपतीआधी नवा सेट ऑन एअर न्यायचा आहे आणि प्रेक्षकांना बातमी स्वच्छ दिसायला हवी.